एचआयव्ही आटोक्यात, टीबीही नाही. मग खोकला का जात नाही?

समजा, शेंदूरजनाघाटच्या एखाद्या संत्रा रोपवाटिकेत काम करणारा २४ वर्षांचा तरुण आहे. पिशव्यांत माती भरायची, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तयार कलमं गाडीत चढवायची, हे त्याचं रोजचं काम. त्याला जन्मतःच आईकडून एचआयव्हीची लागण झाली. नवव्या वर्षी निदान झालं आणि तेव्हापासून एआरटीच्या गोळ्या सुरू आहेत. तो एकही डोस चुकवत नाही. रक्तात विषाणूचं प्रमाण इतकं कमी आहे की चाचणीत तो सापडतही नाही.

तरीही त्याचा खोकला जात नाही. सकाळी उठलं की कफ पडतो. ओझं उचललं की दम लागतो. थंडीच्या दिवसांत दोन-तीनदा छाती भरून येते आणि ताप चढतो. थुंकीची तपासणी झाली, टीबी निघाला नाही. एक्स-रे काढला, तो 'क्लिअर' आला. मग दरवेळी मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप येते. तीन दिवसांत बरं वाटतं आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

हा तरुण काल्पनिक आहे, त्याचा आजार मात्र खरा आहे. एचआयव्ही असलेल्या मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये तो आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी नीट नोंदवला आहे. त्याच अझिथ्रोमायसिनची तिथे शास्त्रशुद्ध चाचणीही झाली. त्या चाचणीचं उत्तर 'हो' आणि 'नाही' यांच्या मधलं आहे, आणि महाराष्ट्रातल्या रुग्णांनी ते समजून घ्यायला हवं.

हा प्रश्न आत्ता का महत्त्वाचा आहे?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये झाली. सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली ती १ एप्रिल २००४ रोजी, आणि लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला २००६ मध्ये. त्याआधी एचआयव्हीसह जन्मलेली बरीच मुलं मोठी होण्याआधीच दगावत होती.

आता चित्र बदललं आहे. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या आसपास आहे. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, सुमारे ४ लाख. औषधं नियमित घेणारा माणूस आज जवळपास सर्वसामान्य आयुष्य जगू शकतो. जन्मतः लागण झालेली मुलं विशीत आली आहेत, नोकरी करतात, लग्न करतात. चाळिशीत उपचार सुरू केलेले लोक साठीकडे निघाले आहेत.

त्यामुळे प्रश्नही बदलला आहे. आधी प्रश्न होता जगण्याचा. आता प्रश्न आहे तो हृदय, हाडं, मूत्रपिंड आणि फुफ्फुसं किती चांगल्या स्थितीत राहतात याचा. त्यातही फुफ्फुसांकडे लक्ष जातं ते मुख्यतः टीबी शोधण्यापुरतं.

एचआयव्ही फुफ्फुसाचं काय बिघडवतो?

आपल्या श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला चिकट स्रावाचा पातळ थर असतो. त्याखाली केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू सतत हलत असतात. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ आणि जंतू त्या थरात अडकतात आणि तंतू ते वर ढकलतात. त्यातूनही काही सुटून खोल गेलंच, तर तिथे पेशींचा पहारा असतो.

एचआयव्ही या व्यवस्थेवर दोन बाजूंनी आघात करतो. पहाऱ्यावरच्या पेशींनाच त्याची लागण होते, आणि त्यांना हुकूम देणाऱ्या सीडी४ पेशी कमी होतात. परिणामी न्यूमोनिया आणि टीबी वारंवार होतात. प्रत्येक मोठ्या संसर्गानंतर फुफ्फुसात थोडा व्रण उरतो. उपचार उशिरा सुरू झाले असतील तर असे अनेक व्रण साचलेले असतात.

एआरटी सुरू झाली की रक्तातला विषाणू दबतो आणि सीडी४ वाढतात. पण आधी झालेले व्रण भरून निघत नाहीत. शिवाय विषाणू दबलेला असतानाही शरीरात हलकासा दाह चालू राहतो. म्हणूनच औषधं नीट घेणाऱ्यांमध्येही न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंच्या गंभीर संसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

याबाबत एक महत्त्वाची जागतिक चाचणी आहे, 'स्टार्ट'. एचआयव्हीचं निदान होताच औषधं द्यावीत की सीडी४ कमी होईपर्यंत थांबावं, हा तिचा प्रश्न होता. लगेच औषधं देणं स्पष्टपणे चांगलं, असं उत्तर २०१५ मध्ये मिळालं. त्यानंतर भारतानेही २०१७ पासून निदान होताच उपचाराचं धोरण स्वीकारलं. पण याच चाचणीत हजारावर लोकांच्या फुफ्फुसांची क्षमताही मोजली गेली होती. सुमारे दोन वर्षांत ती कमी होण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच होता. याचा अर्थ लवकर उपचार निरुपयोगी असा मुळीच नाही, त्याने जीव वाचतात. अर्थ एवढाच, की एचआयव्हीच्या गोळ्या फुफ्फुसाची सगळी जबाबदारी उचलत नाहीत.

फुफ्फुसात जिवाणू असतात तरी का?

अनेक दशकं पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं होतं की निरोगी फुफ्फुस निर्जंतुक असतं. २०१० च्या आसपास जनुकीय तपासण्या आल्या आणि हा समज मोडला. निरोगी माणसाच्या खोल श्वासनलिकांतही थोडे जिवाणू असतातच. बरेचसे तोंडातून, झोपेत नकळत आत गेलेल्या लाळेबरोबर पोहोचतात. शरीर त्यांना सतत बाहेर काढतं, म्हणून त्यांची गर्दी होत नाही.

अमेरिकेत एचआयव्ही आणि फुफ्फुसातल्या जिवाणूंचा अभ्यास करणारा एक मोठा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. त्यातून दिसलं, की एचआयव्ही बराच पुढे गेलेल्या लोकांच्या फुफ्फुसात जिवाणूंचं वैविध्य कमी झालेलं असतं. एआरटीनंतर चित्र सुधारतं, पण पूर्णपणे पूर्ववत होतंच असं नाही.

नाक-घशाची गोष्टही अशीच. तिथे चार जिवाणू नेहमी चर्चेत असतात. न्यूमोनियाला कारणीभूत ठरणारा न्यूमोकॉकस. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, ज्याच्या नावात इन्फ्लुएन्झा असलं तरी फ्लूच्या विषाणूशी त्याचा संबंध नाही. मोराक्सेला कॅटॅरॅलिस. आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हे चारही अनेक निरोगी लोकांच्या नाका-घशात काही त्रास न देता राहतात. खालच्या श्वासनलिकांत शिरून ते वाढले, की छाती भरते.

झिम्बाब्वे आणि मलावीत एचआयव्ही असलेल्या मुलांच्या नाक-घशाचे नमुने तपासले गेले. फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या मुलांमध्ये न्यूमोकॉकस आणि मोराक्सेला जास्त प्रमाणात सापडले. आजार नसलेल्या एचआयव्हीबाधित मुलांमध्ये ते कमी होते.

मग आजार जिवाणूंमुळे झाला, की आजारामुळे जिवाणू वाढले?

इथे वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला परिचयाचं एक उदाहरण देता येईल. झाडावर कोळशी येते तेव्हा पानं काळी पडतात आणि सगळ्यांना दिसते ती काळी बुरशी. पण ती बुरशी वाढते काळ्या माशीने सोडलेल्या चिकट स्रावावर. नुसती बुरशी पुसली आणि माशी तशीच राहिली, तर पानं पुन्हा काळी पडतात.

जुन्या फुफ्फुसविकारातही एक चक्र चालतं. व्रण पडलेल्या श्वासनलिकेत कफ साचतो. साचलेल्या कफात जिवाणू वाढतात. त्यांच्याशी लढताना दाह होतो, आणि दाहाने श्वासनलिका आणखी खराब होते. झाडाच्या उदाहरणापेक्षा इथली गुंतागुंत जास्त आहे, कारण इथे जिवाणू परिणामही असतात आणि कारणही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. फक्त जिवाणू मारले तर चक्र काही काळ मंदावतं, खराब झालेली नळी मात्र दुरुस्त होत नाही.

एक्स-रे क्लिअर असूनही आजार कसा?

झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथल्या डॉक्टरांना दशकभरापूर्वी दिसलं, की जन्मतः एचआयव्ही असलेली बरीच किशोरवयीन मुलं सतत खोकतात आणि धावताना दमतात. अनेकांना टीबी समजून औषधं दिली गेली होती. काहींना दमा म्हणून. सीटी स्कॅन केल्यावर बऱ्याच जणांच्या अगदी बारीक श्वासनलिका व्रणांमुळे अरुंद किंवा बंद झालेल्या दिसल्या. या आजाराला 'ऑब्लिटरेटिव्ह ब्रॉन्किओलायटिस' म्हणतात. इतक्या बारीक नळ्यांमधला बिघाड साध्या एक्स-रेवर अनेकदा दिसत नाही.

तो पकडायची साधी चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. यंत्राच्या नळीत जोरात फुंकायचं, आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचं. सुई टोचावी लागत नाही, काही मिनिटांत होते.

भारतात या चित्रात आणखी दोन गोष्टी मिसळतात. पहिली टीबी. एचआयव्ही असलेल्यांमध्ये तो भारतातला सर्वात मोठा सोबतीचा आजार आहे. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसात पोकळ्या आणि सैल पडलेल्या श्वासनलिका मागे राहू शकतात. अशा सैल, कफ साचणाऱ्या नळ्यांच्या आजाराला 'ब्रॉन्किएक्टेसिस' म्हणतात. देशभरातल्या ३१ केंद्रांवरच्या २,१९५ रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा या आजाराचं सर्वात मोठं कारण पूर्वी होऊन गेलेला टीबी हे निघालं, सुमारे ३५ टक्के रुग्णांत. त्यांच्या थुंकीत सर्वाधिक वेळा सापडलेला जिवाणू होता स्यूडोमोनास. ही नोंद फक्त एचआयव्ही रुग्णांची नव्हती, सर्वसाधारण रुग्णांची होती. पण तिच्यातली एक बाब इथेही लागू पडते. स्यूडोमोनास नेहमीच्या अझिथ्रोमायसिनच्या तीन दिवसांच्या कोर्सने मरत नाही.

दुसरी गोष्ट धूर. वऱ्हाडात अजूनही अनेक घरांत पऱ्हाटी आणि तुराट्या चुलीत जळतात. बिडी न ओढणाऱ्या माणसालाही चुलीच्या धुराने सीओपीडी होऊ शकतो, हे पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांसह अनेकांनी मांडलं आहे. एचआयव्ही, जुना टीबी आणि चुलीचा धूर एकाच छातीत एकत्र आले, की नुकसान वाढत जातं.

अझिथ्रोमायसिनच्या चाचणीत काय निघालं?

अझिथ्रोमायसिन जिवाणू मारतं आणि दाहही थोडा कमी करतं. म्हणून फुफ्फुसाच्या काही जुन्या आजारांत ते कमी मात्रेत, दीर्घकाळ दिलं जातं. अमेरिकेत सीओपीडीच्या १,१४२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. वर्षभर रोज गोळी घेणाऱ्यांमध्ये आजार उफाळण्याचं प्रमाण घटलं. पण काहींची श्रवणशक्ती कमी झाल्याचंही आढळलं.

एचआयव्ही असलेल्या मुलांना याचा उपयोग होईल का, हे पाहण्यासाठी हरारे आणि मलावीतल्या ब्लँटायर इथे 'ब्रीद' नावाची चाचणी झाली. त्यात ६ ते १९ वर्षं वयाची, एआरटी घेणारी आणि फुफ्फुसाचा जुना आजार असलेली ३४७ मुलं होती. अर्ध्यांना आठवड्यातून एकदा अझिथ्रोमायसिन दिलं गेलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे मुलांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. हे ४८ आठवडे चाललं. निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

निष्कर्षांचे तीन भाग आहेत.

पहिला : फुफ्फुसाची क्षमता वाढली नाही. वर्षभराने दोन्ही गटांची फुंकण्याची ताकद जवळपास सारखीच होती. चाचणीचा मुख्य प्रश्न हाच होता आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आलं.

दुसरा : आजार उफाळण्याचं प्रमाण मात्र जवळपास निम्म्यावर आलं. ज्या मुलाला वर्षात दोनदा ताप-खोकल्याने शाळा बुडवावी लागते, त्याच्यासाठी हा फायदा खरा आहे.

तिसरा : नाक-घशातले काही जिवाणू कमी झाले, पण जे राहिले त्यांच्यात अझिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

म्हणजे औषधाने आजाराचे उद्रेक कमी केले, आजार तिथेच राहिला, आणि त्याची किंमत प्रतिरोधाच्या रूपात मोजावी लागली.

मग मेडिकलमधून आणलेली स्ट्रिप चालते की नाही?

ब्रीद चाचणीचा दाखला देऊन 'अझिथ्रोमायसिन एचआयव्हीच्या खोकल्यावर चालतं' असं कोणी म्हणत असेल, तर ते अर्धसत्य आहे. चाचणीत औषध देण्याआधी आजाराचं नीट निदान झालं होतं. डोस वजनानुसार ठरला होता आणि मुलांची नियमित तपासणी होत होती. छाती भरली की तीन गोळ्या आणि बरं वाटलं की बंद, हा प्रकार त्या चाचणीत तपासलाच गेला नव्हता.

अशा अधूनमधून घेतलेल्या गोळ्यांचे धोके वेगळे आहेत.

एक, खरं निदान लांबतं. काही दिवस बरं वाटतं आणि रुग्ण पुढच्या तपासणीला जात नाही. लेव्होफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांचा धोका आणखी मोठा. त्या टीबीच्या जंतूला काही काळ दाबतात, त्यामुळे टीबी असूनही तपासणीत तो निसटू शकतो.

दोन, टीबीच्या कुळातले पण टीबी नसलेले काही जिवाणूही फुफ्फुसाला जडतात. त्यांच्यावरच्या उपचारात अझिथ्रोमायसिन हे मुख्य शस्त्रांपैकी एक आहे, पण ते इतर औषधांच्या जोडीने द्यावं लागतं. एकट्याने दिलं तर जिवाणू त्याला सरावतात, आणि पुढे गरज पडेल तेव्हा ते शस्त्र बोथट झालेलं असतं.

तीन, काही लोकांच्या हृदयाच्या ठोक्यांवर आणि ऐकण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणून दीर्घकाळ देण्याआधी डॉक्टर ईसीजी पाहतात.

आणि चौथा धोका सगळ्या गावाचा. भारतातल्या खासगी औषधविक्रीच्या २०१९ च्या आकड्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात सर्वाधिक खपणारं अँटिबायोटिक निघालं अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. त्यानंतर कोरोनाकाळात तर ही गोळी घराघरांत पोहोचली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र अझिथ्रोमायसिनला 'जपून वापरा' अशा गटात ठेवलं आहे. एका घरात तयार झालेला प्रतिरोधी जिवाणू शेजारच्या लहान मुलाच्या नाकापर्यंत जायला फार वेळ लागत नाही.

गाडी नेमकी अडते कुठे?

शेंदूरजनाघाट हे वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. अझिथ्रोमायसिन मिळायला मेन रोडवरचं मेडिकल पुरतं. छातीरोगतज्ज्ञ, स्पायरोमेट्री आणि सीटी स्कॅन या तिन्ही गोष्टींसाठी मात्र साधारणपणे मोठ्या शहराची वाट धरावी लागते. अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं 'इर्विन', इथून नव्वद-शंभर किलोमीटरवर. जाऊन-येऊन एका दिवसाची मजुरी बुडते. संत्र्याची तोड किंवा कलमांचा हंगाम चालू असेल तर तो दिवस निघतच नाही.

एआरटी केंद्रात दर भेटीला चार प्रश्न विचारले जातात : खोकला आहे का, ताप आहे का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का. ही पद्धत चांगली आहे आणि तिने अनेकांचा टीबी वेळेत सापडतो. पण हे प्रश्न टीबी शोधण्यासाठी आहेत. 'खोकला आहे' या उत्तरानंतर टीबीची तपासणी होते, आणि ती निगेटिव्ह आली की शोध बहुतेकदा तिथेच थांबतो. फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजणं हा नेहमीच्या तपासणीचा भाग नाही.

दुसरी अडचण न सांगण्याची. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून एचआयव्हीची औषधं जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणि खोकल्याची औषधं गावातून, अशी दोन वेगळी खाती चालतात. गावातल्या डॉक्टरला एआरटीबद्दल माहिती नसते आणि एआरटी केंद्राला गावातल्या गोळ्यांबद्दल.

याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही पंपांत ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड असतं. एचआयव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या काही औषधांत रिटोनाव्हिर असतं. हे दोन्ही एकत्र आले तर स्टिरॉइड शरीरात साचतं, चेहरा सुजतो, साखर वाढते आणि शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती मंदावते. आधी कळलं तर डॉक्टर दुसरा पंप निवडू शकतात. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन तर आज सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या डोल्युटेग्रॅव्हिरचं रक्तातलं प्रमाण घटवतं, त्यामुळे त्याचा जादा डोस द्यावा लागतो. हे एआरटी केंद्राला कळवल्याशिवाय होत नाही.

कायदा इथे रुग्णाच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती इतरांना देता येत नाही. पण कागदावरचा कायदा आणि दवाखान्याच्या बाकावरची कुजबुज यांत अंतर आहे. ते कमी झालं नाही तर रुग्ण गप्पच राहील.

रुग्ण आणि घरचे काय करू शकतात?

आधी टीबी. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने खोकल्यासाठी दोन आठवडे थांबायचं नाही. खोकला कितीही दिवसांचा असो, तपासणी करायची. मागच्या वेळी निगेटिव्ह आली होती म्हणून यावेळी टाळायची नाही.

टीबी नसेल तर पुढचा प्रश्न विचारायचा. 'मग खोकला कशाने आहे?' वर्षात दोन-तीनदा छाती भरत असेल, रोज कफ पडत असेल किंवा बरोबरीच्या लोकांपेक्षा लवकर दम लागत असेल, तर स्पायरोमेट्रीसाठी चिठ्ठी मागता येते. गरज असेल तर डॉक्टर सीटी स्कॅन सुचवतात.

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी थुंकीचं कल्चर होऊ शकतं का, हे विचारायचं. कोणता जिवाणू आहे आणि कोणती गोळी त्याच्यावर चालते, ते त्यातून कळतं.

सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घेऊन जायच्या. एआरटीच्याही, मेडिकलमधून आणलेल्याही, पंपही. एआरटीच्या गोळ्या स्वतःहून थांबवायच्या किंवा बदलायच्या नाहीत.

कफ बाहेर काढण्याचे व्यायाम शिकून घ्यायचे. फिजिओथेरपिस्ट ते एकदा दाखवतात, पुढे ते घरी करता येतात. खर्च जवळपास नाही. साचलेल्या कफाचं चक्र तोडायला याची मोठी मदत होते.

बिडी-सिगारेट बंद, आणि शक्य तितकं चुलीच्या धुरापासून दूर. गॅस असूनही पाण्यासाठी चूल पेटत असेल, तर निदान खोकला असलेल्या माणसाने तिच्याजवळ बसायचं नाही.

लसींबद्दल विचारायचं. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर लहान मुलांच्या मोफत लसीकरणात आहे. मोठ्यांना ती त्या कार्यक्रमात मिळत नाही, पण एचआयव्ही असलेल्यांसाठी डॉक्टर ती आणि फ्लूची लस सुचवतात.

खोकल्यातून रक्त पडणं, बसल्या जागी धाप लागणं, ओठ निळसर पडणं किंवा जास्त तापासोबत छातीत दुखणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. एचआयव्हीबद्दल माहितीसाठी १०९७ आणि टीबीसाठी १८००-११-६६६६ हे टोल-फ्री क्रमांक आहेत.

पुढे काय व्हायला हवं?

यासाठी फार महागड्या गोष्टी लागत नाहीत. एआरटी केंद्रातल्या चार प्रश्नांना पाचवा जोडता येईल : 'तुम्हाला सतत कफ होतो का, दम लागतो का?' उत्तर 'हो' असेल आणि टीबी नसेल, तर स्पायरोमेट्री. हे यंत्र छोटं आणि हातात धरता येण्याजोगंही मिळतं. मात्र ते वापरायला शिकलेला माणूस हवा. गोळ्या न्यायला रुग्ण ठरलेल्या दिवशी येतोच. त्याच दिवशी फुंकण्याची चाचणी झाली तर त्याची वेगळी फेरी आणि वेगळी मजुरी वाचेल.

अझिथ्रोमायसिनला या सगळ्यात जागा आहे, पण ती निदानानंतरची. कोणाला वर्षभर द्यावं, कोणाला देऊ नये, हे छातीरोगतज्ज्ञ आणि एआरटी केंद्र यांनी मिळून ठरवायची बाब आहे. ज्याला वारंवार उद्रेक होतात आणि ज्याचा टीबी व त्याच्या कुळातले जिवाणू तपासून नाकारले गेले आहेत, अशा मोजक्या रुग्णांसाठी ते उपयोगी ठरू शकतं.

शेंदूरजनाघाटच्या त्या काल्पनिक तरुणाकडे परत येऊ. त्याचे व्रण कोणतीही गोळी पुसणार नाही. पण त्याचा आजार नेमका काय आहे हे कळलं, कफ काढण्याची सवय लागली, योग्य पंप आणि लस मिळाली, तर थंडीत अंथरूण धरण्याचे दिवस कमी होतील. एआरटीने त्याला चोविसाव्या वर्षापर्यंत आणलं. पुढची चाळीस वर्षं त्याला दम न लागता काम करता यावं, यासाठी टीबीचा अहवाल निगेटिव्ह आल्यानंतरही कोणीतरी त्याला पुढचा प्रश्न विचारायला हवा.